सांगाव्याची काठी

मी काठी आहे. बांबूची, पण भरीव बांबूची. मला बोलायची सवय नाही. आजवर मी फक्त जमिनीवर आपटली गेले आणि पुढचं काय ते माणसांनी बोलावं, असंच चालत आलं. आज थोडं सांगते. हळू सांगते, सांभाळून घ्या.

दिग्रसच्या पलीकडच्या टेकड्यांत, एका नाल्याकडेला आमचं बेट होतं. थंडीत मला तोडलं. गरम राखेत घालून सरळ केलं, जवसाचं तेल पाजलं. खाली लोखंडाची शेंबी बसवली आणि वर कातडी पट्ट्यात घुंगरं बांधली. उंच माणसाच्या डोक्यावर हातभर उरेन एवढी मी होते. ती उंची मुद्दाम ठेवली होती. मी लांबून दिसावं आणि मला पाहून माणसांनी ओळखावं, यासाठी.

सावंगी नावाच्या गावात, गावाबाहेरच्या वस्तीत मी राहायला गेले. तिथल्या उकंडाच्या बापाकडे गावकी होती. गावकी म्हणजे गावाची सांगकामं. चावडीवर लोकांना बोलावणं, मेलेलं जनावर ओढणं, शिवेवर राखण करणं. माझ्या वाट्याला मुख्य काम आलं ते मयतीचा सांगावा नेण्याचं. सावंगीत कोणी मेलं की त्याच्या लेकीबाळींच्या, सोयऱ्यांच्या गावी जाऊन सांगायचं.

बापामागून काम उकंडाकडे आलं. पण उकंडाला दमा होता. चार पावलं चालला की छाती वाजायची. म्हणून सांगावा न्यायला त्याची बायको कौसल्या जायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तीस वर्षं तीच गेली. मुलगा गोविंदा पोटात होता तेव्हाही गेली.

सांगाव्याचे नियम होते. कोणी लिहिले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. वाटेत बसायचं नाही. जिथं सांगाव्याची काठी टेकून माणूस बसेल तिथं मरण मुक्काम करतं, असं समजत. घराच्या अंगणात जायचं नाही. वेशीबाहेर उभं राहायचं, मला तीनदा आपटायचं, घरातलं माणूस आलं की सांगायचं. सांगावा पोचला, मगच टेकायचं. कुठं नाल्याकडेला, झाडाखाली, ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या नजरेआड.

कौसल्याबाई पळत जायच्या. मी त्यांच्या मुठीत असायची, म्हणून मला त्यांच्या मनातलं कळायचं. अरुणावतीच्या पात्रात एक सपाट काळा खडक आहे. पाणी त्याला वळसा घालून जातं आणि पुढं लहानसा डोह होतो. तो खडक आला की त्यांची मूठ सैल व्हायची. एकदा बघायच्या आणि पुढं जायच्या. खिंडीत सागाच्या झाडांमध्ये एक आंबा एकटाच उभा होता, तिथंही मूठ सैल व्हायची. वडगावच्या नाल्यावरची चिंच, तिथंही. सगळा मुलूख त्यांनी पाहिला, पण पळताना पाहिला. गाडीच्या बैलानं पाहावा तसा.

मग छप्पन साल आलं. दसऱ्याच्या सुमाराला वस्तीतली माणसं पांढरे कपडे घालून दीक्षा घ्यायला नागपूरला गेली. गोविंदा तेव्हा पंचविशीचा. परत आला तेव्हा त्याचा चेहरा धुऊन काढल्यासारखा दिसत होता. वस्तीनं मिळून ठरवलं, आजपासून गावकी बंद. चावडीवर जाऊन तसं सांगितलं. उकंडानं मला मांडीवर घेतलं आणि वस्तऱ्यानं घुंगरांचा पट्टा कापला. एका झटक्यात कापला. माझा गळा मोकळा झाल्यासारखं मला वाटलं.

दोन वर्षांनी, थंडीत, उकंडा गेला. मी कोपऱ्यात उभी होते. रडणं ऐकून मला सवयीनं वाटलं, आता मला उचलतील. कोणी उचललं नाही. गोविंदानं पोस्टात कार्डं टाकली. बरोबरच केलं त्यानं.

पुढच्या उन्हाळ्यात, कापसाची वेचणी आटोपल्यावर, कौसल्याबाईंनी एक दिवस सकाळीच जर्मनचं गंज, म्हणजे पातेलं, घासलं. ज्वारीचं पीठ, मीठ-मिरची, काड्याची पेटी, एक वाकळ, उकंडाचं जुनं धोतर आणि ते बांधायला सुताडा असं गाठोडं बांधलं. मग मला उचललं. गोविंदा दारात दात घासत होता.

"माय, कुठं निंगाली?"

"बसाले."

"बसाले? घरी जागा नाई काय?"

"घरी त हायच. नदीवर बसाचं हाय. तीस वर्सं पळत गेली तिथून. आता बसून पाह्यतो."

सून प्रभावती चुलीपुढून हसली. "आत्याबाई, किती रोज बसान?"

"चार रोज. जीव रमला त पाच."

"अन् एकट्याच?"

"मंग काय बाजा लावून जाऊ?"

गोविंदा हसला नाही. त्यानं चूळ भरली आणि माझ्याकडं पाहिलं. "जाचं त जा. पन हे काठी ठेव घरी. लोक म्हनतीन, गावकी पुन्हा चालू झाली. एवढं सोसून सोडलं न आपन?"

"गुडघा दुखते बाप्पा. अन् पाल कायच्यावर टांगू?"

"दुसरी आनून देतो."

"हेच पाहिजे. इनंच पळवलं मले. आता इनंच बसवलं पाहिजे."

गोविंदा दारातून बाजूला झाला. त्याचं खोटं नव्हतं आणि तिचंही नव्हतं. मला तर त्या दोघांच्या मध्ये उभं राहणं जड गेलं.

आम्ही निघालो. सडकेवर पुसदची मोटार थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, चाल, जागा हाय."

"मले कुठी जाचंच नाई बाप्पा."

"मंग चालून काहून राह्यली वं?" तो हसत हसत निघून गेला.

त्या दुपारी कौसल्याबाई काळ्या खडकावर बसल्या. पाय डोहात सोडले. बराच वेळ काही केलं नाही. मग वाळूत मला रोवलं, माझ्या टोकावर धोतर टाकलं, चारी कोपरे दगडांना बांधले. झालं पाल, म्हणजे कापडाचा लहानसा तंबू. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा कोणाच्या डोक्यावर सावली धरली. तीन दगडांची चूल मांडून त्यांनी भाकरी केली, वाळू लागून टोचणारी वाकळ झटकली आणि कलंडल्या. "पाय बी आपलेच होते, अन् आपल्यालेच ठाव नव्हतं," असं काहीतरी स्वतःशी पुटपुटल्या. सकाळी उठल्या तेव्हा त्यांच्या अंगाला नदीचा वास येत होता.

त्या वर्षी खडक झाला, खिंडीतला आंबा झाला. पण सगळं गोड नव्हतं. मी सोबत होते ना. शेतात काम करणारा माणूस मला पाहून हातातलं टाकून बांधावर यायचा. "कोन गेलं व?" कौसल्याबाई म्हणायच्या, "कोनी नाई गा. मी अशीच." त्याला खरं वाटायचं नाही. तो घराकडं बघत बघत परत जायचा. एका गावात बाईनं लेकरं आत ओढली आणि दार लावलं. माझी घुंगरं गेली होती, पण उंची होती, शेंबी होती, तेलकट काळा रंग होता. सात-आठ कोसांत मला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. अशा वेळी कौसल्याबाईंची मूठ घट्ट व्हायची. मला वाटायचं, आपल्याला वाकून लहान होता आलं असतं तर बरं होतं.

दुसरं वर्ष, साठ साल. आम्ही वडगावच्या नाल्यावर गेलो. सावंगीपासून सात कोस. सावंगीच्या पाटलांची लेक लीलाबाई तिथं दिलेली. तिची आई, म्हणजे सावंगीची म्हातारी पाटलीण, वर्षभर आजारी होती. लीलाबाईचा जीव आईत अडकलेला.

चिंचेखाली कौसल्याबाईंनी मला रोवलं. पाल टाकलं. सावलीत बसून कांदा फोडत होत्या. पाण्याला आलेल्या एका बाईनं लांबून पाहिलं आणि रिकामी घागर घेऊन मागं फिरली.

आता नियम आठवा. सांगावा पोचवल्याशिवाय काठीनं बसायचं नाही. आणि इथं तर सावंगीची काठी नाल्यावर बसली होती. म्हणजे सांगावा गावात कोणाला तरी देऊन झाला, असा त्या बाईनं अर्थ लावला. ती गावात तसं बोलली.

आणखी एक रीत आहे आमच्याकडे. सासरी नांदणाऱ्या बाईचं माहेरचं माणूस गेलं तर तिला लगेच सांगत नाहीत. आधी जेवू घालतात. पोटात दोन घास जाऊ दे, मग रडणं आहेच, असं म्हणतात. त्या दिवशी लीलाबाईच्या सासूनं, साध्या मायेनं, तिला लवकर ताट वाढलं. "आज तूच आधी जेऊन घे." तेवढ्यात दारातून शेजारणीचा आवाज आला, "सावंगीची काठी नाल्यावर बसली म्हने." लीलाबाईनं ताटाकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं. सगळं जुळलं तिच्या मनात. ताट ढकलून ती उठली आणि धावत नाल्यावर आली. डोक्यावर पदर नाही, हाताला वरण तसंच.

"कवा गेली वं माही माय? कौसल्ये, कवा गेली?"

कौसल्याबाई उठून उभ्या राहिल्या. "बाई, कोनी नाई गेलं. पाटलीणबाई बऱ्या हायेत. परवा ओट्यावर बसल्या होत्या."

"मंग तू बसली कायले?"

"मी अशीच बसली, बाई. मले बसाचं होतं."

"असं कोनी बसते? सात कोस येऊन कोनी नाल्यावर बसते? तूबी लपवतं! मी जेवली नाई अजून, म्हनून लपवतं न?"

"आईची आन बाई, मी सांगावा नाई आनला. मी आता सांगावे नेतच नाई."

पण तिला ऐकूच येत नव्हतं. मागून सासू आली, दीर आला. सासू म्हणत होती, "अवं, मले काईच ठाव नाई." तेही तिला लपवणंच वाटलं. तिनं हट्टानं गाडी जुंपायला लावली आणि रडत रडत सावंगीला निघाली.

कौसल्याबाईंनी पाल उतरवलं. गाठ सुटेना, म्हणून सुताडा तोडला. गाडीच्या मागं निघाल्या. आधी चालल्या, मग पळायला लागल्या. छप्पन वर्षांची बाई, सुजलेला गुडघा. वाटेत आंबा आला, त्यांनी पाहिला नाही. खडक आला, मूठ सैल झाली नाही. गाडी काही गाठता आली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही सावंगीला पोचलो, तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आदल्या संध्याकाळी पाटलीणबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. वेशीतून लेक गळा काढून रडत आली. स्वतःच्या नावानं चाललेलं रडणं म्हातारीनं ऐकलं. आधी हसली म्हणे. "अवं बाई, जिती हाय मी, हे पाहाय." पण लेक पाया पडून पुन्हा रडली, शेजारच्या बाया जमल्या, कोणी म्हणालं, जित्या माणसावर रडणं झालं, हे चांगलं नाही. म्हातारीनं डाळीचं सूप बाजूला ठेवलं आणि आत जाऊन पडली. ती पुन्हा ओट्यावर आली नाही.

पाटलानं गोविंदाला बोलावलं. तो अंगणात गेला नाही, रस्त्यावरच उभा राहिला. पाटील म्हणाला, "तुम्हाले गावकी नको न? मंग काठी कायले फिरवता? आमाले भेव दावाले?"

गोविंदा म्हणाला, "माही माय नाल्यावर बसली. नाला काय तुमच्या बापाचा हाय?"

ते बोलणं वस्तीला भोवलं. पऱ्हाटी उपटायचे, म्हणजे कपाशीची वाळली झाडं काढायचे दिवस होते. कोणालाच शेतात बोलावलं नाही. आठ दिवसांनी वस्तीतले मारोतीबुवा दारात येऊन उभे राहिले. वयानं मोठे, चांगले गृहस्थ. मान खाली घालून म्हणाले, "गोविंदा, तुह्या मायचा शौक होते, अन् आमच्या चुली थंड्या पडतात. तिले समजावून सांग बाप्पा."

ते गेल्यावर गोविंदानं कुऱ्हाड काढली. मला अंगणात आणलं आणि दगडावर आडवं ठेवलं. कौसल्याबाई आल्या आणि माझ्यावर बसल्या. खरोखरच बसल्या, लेकराच्या आडवं पडावं तशा.

"ऊठ माय."

"नाई."

"माय, तुले कळत कसं नाई? हे काठी तोंड उघडत नाई, पन बोलते. तू काईबी म्हन, लोक हिचंच ऐकतात. तुही अन् आपली सुटका नाई हिच्यापासून."

"मले ठाव हाय."

"मंग?"

प्रभावती दारात पिठाच्या हातानं उभी होती. मग कौसल्याबाई म्हणाल्या, "मले तिकडून म्हातारीचं रडनं आनाचं नव्हतं रे. मी खरंच बसाले गेलती. एवढंच मागतलं मी. तुहा बाप गेला, तू मोठा झाला, आता तरी कोनाचं काम नसताना कुठी जाऊन बसावं. तेबी जमत नाई काय मले?"

गोविंदानं कुऱ्हाड खाली ठेवली. दोन्ही गुडघे टेकून आईपुढं बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कठीण होता. "जमन. पन अशी नाई."

त्यांनी मग काय ठरवलं ते मला शब्दांत नाही कळलं. कौसल्याबाई उठल्या. उभ्या राहिल्या. गोविंदानं मला त्यांच्या शेजारी धरलं, कमरेशी बोटानं खूण केली. "इथं?" "दोन बोटं वर. चढावर लागते." त्यानं सुतार आळीतून करवत आणली आणि मला कापलं.

दुखलं का म्हणाल तर दुखलं. पण माझ्या मनात त्या घटकेला एकच होतं, लवकर होऊ दे. माझा वरचा भाग, ज्याला पाहून सात कोसांतली माणसं घाबरायची, तो प्रभावतीनं चुलीत घातला. भरीव बांबू, चांगला जळतो. त्यावर त्या घरानं भाकऱ्या केल्या आणि गोविंदानं त्या खाल्ल्या. खालची राहिलेली मी कोपऱ्यातून पाहत होते.

पाटलीणबाई दसऱ्यानंतर गेल्या. माझ्यामुळे की वयामुळे, मला सांगता येत नाही. ते ओझं मात्र मी बाळगते. कौसल्याबाईही बाळगतात. पाटलांच्या घरून त्या दिवशी कोणीही वस्तीकडं आलं नाही आणि वस्तीतूनही कोणी गेलं नाही. पण अंत्ययात्रा लांबून जाताना कौसल्याबाई घराबाहेर उभ्या राहिल्या, मला धरून, शेवटचा माणूस दिसेनासा होईपर्यंत.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा गाठोडं बांधलं. गोविंदानं तुटलेल्या सुताड्याच्या जागी नवा लांब दोर आणून दिला. "आता फांदीले बांध पाल," म्हणाला.

"वडगावले जाईन म्हनतो," त्या म्हणाल्या.

"तिथंच काहून?"

"तिथलं बसनं अर्धं राह्यलं."

वाटेत त्या वर्षी कोणी काम टाकून बांधावर आलं नाही. एकानं तंबाखू मागितली. दुसरा म्हणाला, "आजी, ऊन लागन, टोपरं बांध." एवढ्यासाठी मी अर्धी झाले, असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

चिंचेच्या फांदीला दोर बांधून पाल टांगलं. मी त्यांच्या मांडीशी आडवी होते. दुपार कलताना लीलाबाई घागर घेऊन नाल्यात उतरली. हातात चांदीची पाटली तेवढी, अंगानं वाळलेली. कौसल्याबाईंकडं आधी तिनं सहज पाहिलं, मग थांबून पाहिलं. घागर खाली ठेवली.

"कौसल्या?"

"हाव बाई."

कौसल्याबाई उठू लागल्या. लीलाबाईनं हातानंच 'राहू दे' केलं. ती स्वतः उभीच राहिली. मग म्हणाली, "माय खरंच गेली, तवा तू नाई आली."

"नाई आली."

"कार्ड आलं चौथ्या रोजी. माती होऊन गेलती. मले तोंड नाई पाह्यता आलं. मी तीन रोज आधीपासून वेशीकडं पाहत होती. मले वाटे, आता कौसल्या दिसन." तिचा आवाज फाटला. "मयत खोटी होती तवा येऊन बसली. खरी झाली तवा आली नाई."

कौसल्याबाईंची मूठ माझ्यावर आवळली. मला वाटलं, आता या माफी मागतील. तीस वर्षं तसंच बोलायची सवय होती त्यांच्या जिभेला. पण त्यांनी मूठ सोडली.

"बाई, मी येनारच नव्हती. आता कोनाच्याच मयतीले मी सांगावा नेनार नाई. माह्या मालकाचंही कार्डच गेलं. पन तुमच्या मायचं मले वाईट वाटलं. ते सांगाले आली मी. माह्या पायानं आली. कोनी धाडलं नाई."

नाल्यात पाणी थोडंच होतं, त्याचा आवाजही होत नव्हता. मग लीलाबाई खाली बसली. जवळ नाही, पण हात पुरेल इतक्या अंतरावर. पदरानं नाक पुसलं.

"एकटीले भेव नाई लागत अशा जागी?"

"लागते."

"मंग?"

"मंग काय. भेवही लागते, अन् झोपही लागते."

लीलाबाईच्या तोंडून हसू निघालं, रडण्यातून निघालेलं, ओलं. तिनं ते लगेच आवरलं. घागर भरली, डोक्यावर घेतली आणि वर चढून गेली. तिनं क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. कौसल्याबाईंनाही नाही. त्या रात्रभर तिथं राहिल्या आणि सकाळी चुलीचे दगड जागच्या जागी ठेवून निघाल्या.

आज मी कमरेइतकी आहे. शेंबी झिजली आहे. कौसल्याबाईंनी साठी ओलांडली, गुडघा जास्त दुखतो. तरी थंडी सरली की त्या गंज घासायला घेतात आणि प्रभावती विचारते, "आत्याबाई, यंदा कुठं?" वस्तीला आता पाटलांच्या शेतात पुन्हा काम मिळतं, पण आमच्याकडं बघताना काहींच्या नजरेत अजून ते जुनं असतं. ते इतक्या लवकर जाणार नाही.

माझं मागणं फार नाही. तुमच्या गावाच्या नाल्यावर, एखाद्या झाडाखाली, एकटी म्हातारी चूल मांडून बसलेली दिसली तर तिच्याजवळ जा, नका जाऊ, तुमची मर्जी. पण ती कशासाठी आली, कोणी पाठवली, हे विचारू नका. तिला कोणीही पाठवलेलं नसतं. तिला बसू द्या.